दोन दारांचं खोकं

बायकोच्या स्वेटरच्या कॉलरवर त्याला वाळक्या गवताची एक काडी दिसली आणि घास तोंडातच थांबला. काडी बोटभर लांब, पिवळट हिरवी, एका टोकाला चिरलेली. बाई सहाव्या मजल्यावर राहते, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते, बसने जाते, बसने येते. तिच्या वाटेवर गवताचं पातं उगवायला जागा नाही. मग ही काडी आली कुठून? गवतात कोण बसतं? बसतं ते एकटं बसतं का? एवढे प्रश्न त्याच्या डोक्यात एका घोटासरशी उभे राहिले, आणि तो मात्र म्हणाला, भाजीला मीठ जरा कमी आहे. ती म्हणाली, डबा समोरच आहे. तिने मान वळवली, काडी कॉलरवरून घसरून टेबलावर पडली, तिने ती पुसायच्या फडक्यात गोळा केली आणि फडकं झटकलं. सहज. अगदी सहज केलं म्हणूनच त्याला ते खटकलं.

तो गप्प राहिला, कारण गप्प राहणं हा त्याचा धंदा होता. तीन मजली मोठ्या दुकानाच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून तो दिवसभर पडद्यांवर गिऱ्हाइकांचे हात बघायचा. तोंड बघायचं नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तोंडं सगळी साळसूद असतात. हात बघायचे. हात खिशाजवळ रेंगाळला, पिशवीची चेन उघडी राहिली, बाहीत काही गेलं, की दारावरच्या माणसाला कळवायचं. आणि चोर दिसला तरी लगेच धरायचा नाही, त्याला दारापर्यंत जाऊ द्यायचं, नाहीतर तो म्हणतो, पैसे द्यायलाच निघालो होतो. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येतो तेव्हा डोळे काढून खुंटीला टांगता येत नाहीत. ते बरोबरच येतात, जेवायला बसतात, बायकोच्या कॉलरवर फिरतात. ज्याला वाटतं की चांगली माणसं चोरी करत नाहीत, त्याने एकदा त्या खोलीत बसावं. म्हातारी बाई मोज्यांचा जोड उचलते, घरी कपाटभर मोजे असताना. मास्तर खोडरबर उचलतो. गरज असलेला चोर दहात एक. बाकीचे नऊ का उचलतात हे त्यांनाही माहीत नसतं, पुढे आणून बसवलं की आपल्याच हाताकडे परक्यासारखे बघत राहतात.

शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांना तो काडीबद्दल काही सांगणार नव्हता, पण सांगून बसला, दुसऱ्या कुणाचं म्हणून. मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं म्हणजे तुझंच. अरे, वहिनी गवत खायला लागल्या असतील. तुझ्याबरोबर राहून माणूस आणखी काय खाणार?" त्यावर मामा स्वतःच खूप वेळ हसले. तो हसला नाही. काडी दिसली तो बुधवार होता, म्हणून त्याने पुढच्या बुधवारी अर्धा दिवस रजा टाकली.

पाठलाग करणं त्याला अवघड गेलं नाही, आणि अवघड गेलं नाही याचीच त्याला थोडी शरम वाटली. ती दुकानातून निघाली, नेहमीची बस सोडली, दोन गल्ल्या चालत गेली आणि बंद पडलेल्या छापखान्यामागच्या एका तळमजल्यात शिरली. दार उघडंच होतं. म्हणजे ती येणार हे आत माहीत होतं. खिडकीच्या काचांना खालून अर्ध्यापर्यंत पांढरा रंग मारला होता, एका कोपऱ्यात तो खरवडला गेला होता. तिथे त्याने डोळा लावला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. ती तो रोज दुसऱ्यांवर वापरायचा.

आत त्याची बायको जमिनीवर बसली होती. पाय पसरलेले, हात मांडीवर, डोळे मिटलेले. तिच्या पाठीमागे कमरेइतक्या जाळीचं मोठं कुंपण होतं, त्याचं फाटक सताड उघडं, आणि सगळीकडे वाळलं गवत. तो पुरुषाची वाट बघत राहिला. येईल, आता येईल, हात धुऊन येईल, चहा घेऊन येईल. त्याने त्या माणसाचे बूटसुद्धा ठरवून टाकले होते, तपकिरी, टाचा झिजलेले. कुणी आलं नाही. मग गवतात काहीतरी हललं आणि उंदराच्या थोरल्या भावासारखं एक जनावर बाहेर आलं, बिनशेपटीचं, अर्धं तपकिरी, अर्धं पांढरं, डोक्यावर केसांचा भोवरा. थबकलं. पुढे आलं, मागे पळालं, परत आलं. त्याच्या मागून दुसरं, काळंभोर. दोघं तिच्या पाठीशी आली, तिच्या स्वेटरची कड दातांत धरून ओढू लागली. ती हलली नाही. फक्त तिचा चेहरा बदलला. तो चेहरा त्याने घरात कधी बघितला नव्हता, किंवा बघितला असेल तर फार मागे, आणि त्याला तो आता आठवत नव्हता. खिडकीला कपाळ टेकून तो उभा राहिला आणि त्याला वाटलं, माणूस असता तर बरं झालं असतं. माणसाचं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे. या दोन मुठीएवढ्या जिवांचं काय करायचं?

घरी एक आठवडा दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत जेवली. मग एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, दोन गिनीपिग आणायचेत, लोकांनी सोडून दिलेली जनावरं सांभाळणारी एक संस्था आहे, रविवारी तिथली बाई घर बघायला येणार आहे. तो म्हणाला, डुकरं? ती म्हणाली, नावात डुक्कर आहे फक्त. एकच का नको, त्याने विचारलं. एक देत नाहीत, ती म्हणाली, एकटं राहिलं की झुरतं, खाणं सोडतं. त्याला वाटलं हे आपल्याला ऐकवण्यासाठीच म्हटलं. मग त्याने विचारलं, आधी ज्यांच्याकडे होते त्यांनी का सोडले? काही दुखणं असेल, चावत असतील, लोक उगीच नाही सोडून देत. सुरी थांबली.

"तेव्हाही तुम्ही हेच विचारलं होतं," ती म्हणाली.

तेव्हा म्हणजे मुलाच्या वेळी. तो विषय घरात झाकून ठेवलेल्या पातेल्यासारखा होता, झाकण कुणी काढायचं नाही. मूल होत नाही म्हटल्यावर दत्तक घ्यायचं तिने ठरवलं होतं, आणि त्याने हो म्हटलं होतं, जसं माणूस पाऊस पडेल का विचारल्यावर हो म्हणतो. घर बघायला एक अधिकारी बाई आली होती. बारीक चणीची, मोठी काळी पर्स, सारखी हसणारी. ती मागची छोटी खोली बघून आली, चहा घेतला, पाणी मागितलं, परत एकदा खोलीत गेली, आणि ती निघायच्या वेळी याच्या ध्यानात आलं की मोरीच्या कट्ट्यावर बायकोचं मनगटी घड्याळ होतं ते आता नाही. त्याने ते येता जाता तिथे बघितलं होतं. त्याने दाराकडे बघितलं. ती बाई दारापर्यंत गेली. आणि दारापर्यंत गेल्यावर, शिकवलं होतं तसं, तो नम्रपणे म्हणाला, बाई, जरा पर्स उघडून दाखवता का? तिने सगळी पर्स टेबलावर पालथी केली. कंगवा, गोळ्यांचं पाकीट, अर्धा बिस्किटाचा पुडा, बसची चुरगळलेली तिकिटं, एक लहान मुलाचा मोजा, कुणाचा कोण जाणे. घड्याळ नव्हतं. तिने एक एक वस्तू परत भरली, घाई न करता, आणि हसणं तसंच ठेवून म्हणाली, येते. ती परत आली नाही, तिचा निरोपही आला नाही, आणि मूलही आलं नाही. धुवायला काढलेल्या चादरीच्या घडीत पुढे घड्याळ सापडलं. बायकोने ते मनगटाला बांधलं ते बांधलं. झोपताना काढलं नाही, आंघोळीला काढलं नाही. काच आतून धुरकटली, काटे अडले, तरी काढलं नाही. तो अजूनही मनातल्या मनात म्हणायचा, विचारलं तर काय बिघडलं? पर्स साफ होती तर तिचं काय गेलं? आणि दर वेळी त्या टेबलावर तो लहान मोजा येऊन पडायचा.

तर आता परत एक बाई येणार होती. "माझं सगळं बघून झालंय त्यांचं," ती म्हणाली. "त्या येणार आहेत ते तुम्हाला बघायला. घरातल्या प्रत्येकाची खात्री करतात."

तयारी सुरू झाली. मागच्या छोट्या खोलीत, जिथे इस्त्रीचे कपडे आणि रिकामी खोकी साठली होती, तिथे जाळीचे तुकडे जोडून कुंपण करायचं ठरलं. लहान पिंजरा चालत नाही, त्यांना पळायला लांबी लागते, आणि तळाला जाळी नको, पाय सोलवटतात. तळाला जुन्या रजईवर मऊ लोकरी कापड. गवत कायम पुढ्यात हवं, कारण दात जन्मभर वाढतात, चावत राहिलं नाही तर वाढलेले दातच उपाशी मारतात. ढोबळी मिरची रोज, कारण माणसासारखंच त्यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. आणि दर आठवड्याला वजन करायचं. हे कशाला, त्याने विचारलं. ती म्हणाली, दुखलं खुपलं तर दाखवत नाहीत. शिकार होणारी जात आहे, दुबळं दिसलं की मरण, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं ठीक असल्यासारखं वागतात. वजनाच्या काट्यावरच काय ते कळतं. हे ती गवताची गोणी सोडत सांगत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. ती बारीक झाली होती का? किती दिवसांपासून? पडद्यावरच्या अनोळखी बाईच्या बाहीचा फुगवटा त्याला ओळखू यायचा, आणि घरातल्या बाईचं हाड कधी वर आलं ते सांगता येत नव्हतं.

लपायला घर हवं म्हणून त्याने फळकुटांचं एक खोकं बनवलं. हात चांगला होता त्याचा. कडा घासल्या, खिळे आत दाबले, समोर कमानीसारखं छान दार कापलं. ती बघून म्हणाली, दोन दारं हवीत. एक असलं की एक जण दारात बसतो आणि दुसरा आत कोंडतो. त्याने सांगितलं की एक दार असलं की लक्ष ठेवायला सोपं. आमच्या दुकानाला आधी तीन दारं होती, दोन बंद केली तेव्हा चोऱ्या निम्म्यावर आल्या. ती खोक्याकडे बघत राहिली.

"आपल्या घरालाही एकच दार आहे," ती म्हणाली. "आणि त्यात तुम्ही बसलेले असता."

भांडणाचा सूर नव्हता. ती झोपायला गेल्यावर त्याने खोकं उलटं केलं आणि करवत घेतली, पण शेजारी ओरडतील म्हणून ठेवून दिली. सकाळी कामावर जायच्या आधी मागच्या बाजूला दुसरं दार कापलं. ते पहिल्याइतकं सरळ आलं नाही.

दुसऱ्या दाराचं मामांना सांगितलं तर मामा म्हणाले, म्हणजे आता दोन माणसं ठेवणार पहाऱ्याला. मग म्हणाले, बाई येईल तेव्हा हात खिशात घालून बस, आणि डोळे पण. त्याने विचारलं, डोळे खिशात कसे घालायचे? मामा म्हणाले, "ते मला जमलं असतं तर माझी मुलगी माझ्याकडे येत नसती का?" आणि लगेच पडद्यावरच्या कुणाकडे तरी बोट दाखवून ओरडले, हा बघ, हा बघ, टोपीवाला. टोपीवाल्याने काही उचललं नव्हतं.

रविवारी ती बाई आली. लठ्ठशी, धापा टाकत, एका हातात टॉवेल घातलेलं झाकणाचं खोकं, दुसऱ्या हातात कापडी झोळी. खोकं तिने दारातल्या सावलीत ठेवलं आणि झोळी खांद्यावरच राहू दिली. त्याची नजर झोळीला चिकटली. त्याने ती ओढून काढली, ती परत चिकटली. बाई मोकळी होती, घर हसत हसत बघत होती, विजेच्या तारा उचलून बघितल्या, खिडकीखाली ऊन किती येतं ते विचारलं, लाकडी खोक्याची दोन्ही दारं बघून म्हणाली, वा, हे कुणी केलं? बायको म्हणाली, यांनी. त्याला उगीच बरं वाटलं, आणि बरं वाटताच संशय आला की या बाईला असं बोलायला सांगितलं असणार. मग बाईने त्याला समोर बसवून सरळ विचारलं, तुम्हाला हवेत का? त्याने हो म्हटलं. ती म्हणाली, एकच गोष्ट सांभाळा. पहिले काही दिवस त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे रोखले की त्यांना वाटतं, आपली शिकार होणार. तुम्ही नुसतं जवळ बसायचं, पाठ करून. बघणं त्यांना करू द्यायचं.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून काकडी धुऊन आली आणि त्याला तिचं मनगट दिसलं. मनगटावर पांढरा पट्टा होता, उन्हाने न रापलेला, ओलसर, नव्या कातडीसारखा. घड्याळ नव्हतं. नजर आपोआप फिरली, आणि घड्याळ दिसलं. मागच्या खोलीच्या फळीवर, कडेला, गवताच्या गोणीशेजारी. इतकी वर्षं न काढलेलं घड्याळ, आज. का? बाई झोळी सावरत त्याच फळीकडे गेली, गवताचा वास घेतला, चांगलं आहे म्हणाली. तिची पाठ याच्याकडे होती. पण खिडकीच्या उघड्या तावदानात तिचा हात दिसत होता, आणि हातांच्या बाबतीत त्याची चूक सहसा होत नसे. हात गवतावरून सरकला. थांबला. बोटं मिटली. झोळीच्या तोंडाशी गेली आणि उघडी होऊन वर आली. बाई वळली तेव्हा तिचा चेहरा जरासुद्धा बदललेला नव्हता. दहातल्या त्या नऊमधली एक.

त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं, नम्र, शिकवलेलं. बाई दारापर्यंत गेली. दारात तिने आपण आणलेलं खोकं उचलून बायकोच्या हातात दिलं. आत खरखर झाली. हा क्षण त्याचा होता, असे क्षण पकडण्याचाच त्याला पगार मिळत होता, आणि या वेळी तो बरोबर होता, शंभर टक्के बरोबर, त्या मोज्याची शपथ. त्याने बायकोकडे बघितलं. ती झोळीकडे बघत नव्हती, फळीकडे बघत नव्हती. खोकं छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत होती, डोळे न लववता, जसं तो पडद्याकडे बघायचा. तिने हे सगळं मांडलंय, त्याला वाटलं. घड्याळ हिने ठेवलं, बाईला हिने सांगितलं, आता मी बोललो की ती खोकं परत देईल, आणि बाईबरोबर तीही त्याच दारातून जाईल. किंवा काहीच मांडलेलं नाही आणि बाई खरीच चोर आहे. दोन्हीत काय फरक पडत होता? त्याने दोन्ही हात खिशात घातले. म्हणाला, "सांभाळून जा, जिन्यातला दिवा गेलाय." बाई म्हणाली, येते. पावलं एक एक जिना उतरत गेली, आणि प्रत्येक मजल्यावर त्याला वाटलं, अजून हाक मारता येईल.

दोघांनी मिळून खोकं कुंपणात उघडलं. दोन्ही जनावरं गवतातून अशी सुटली की रंग दिसायच्या आधी लाकडी घरात गडप झाली. बायको कुंपणाचं फाटक उघडं ठेवून त्याच्याशी, जमिनीवर, पाठ करून बसली. तोही बसला, गुडघे कुरकुरले. तिने मनगटावरचा पांढरा पट्टा अंगठ्याने चोळला.

"घड्याळाचं विचारणार नाही?"

"नाही."

"मी पण पाहिलं," ती म्हणाली. "काचेत."

त्याने मान वळवली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्याने विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, जाऊ दे, नेलं तर नेलं. बंदच होतं ते. मग हळू, जनावरं बुजू नयेत अशा आवाजात म्हणाली, "मीच ठेवलं होतं तिथे."

कुणासाठी, हा प्रश्न त्याच्या तोंडात आला. बाईसाठी की माझ्यासाठी? तुला माहीत होतं तिचा हात कसा आहे ते? इतक्या बुधवारी तू त्यांच्या त्या तळमजल्यात बसत होतीस, तुला नक्की माहीत असणार. प्रश्न दातांत धरून तो बसून राहिला. त्याला कळलं की हे उत्तर त्याला आयुष्यभर मिळणार नाही, आणि आयुष्यभर ते त्याला कुरतडत राहणार, आणि कुरतडायला काहीतरी लागतंच. मागे लाकडावर नखं वाजली. दोनपैकी कुठल्या दारातून? समोरच्या कपाटाला गुळगुळीत काळा रंग होता आणि त्यात, नीट बघितलं तर, मागचं सगळं कुंपण दिसत होतं, खोकं, गवत, वाकड्या कापलेल्या दारात एक ओलं नाक. त्याला ते लगेच दिसलं होतं. असलं काही त्याला सगळ्यांआधी दिसायचं. नाक थांबलं. काळ्या रंगात दोन ठिपके चमकले, थेट त्याच्यावर.

त्याने डोळे मिटले. शेजारी बायकोचा श्वास ऐकू येत होता, तिने मिटलेत की नाहीत कोण जाणे. बघून खात्री करून घ्यावी असं त्याला फार वाटलं. मग शर्टाची मागची कड कुणीतरी ओढली, एकदा, अगदी हलकेच, आणि सोडून दिली.